बंद पडलेला सेट : आधी वीज तपासा, मगच बोर्ड बदला

बीड-परळी रस्त्यावरील तेलगावची ओळख साखर कारखान्यामुळे आहे. या परिसरातून आणि एकूणच बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून ऊसतोडीला जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. परत आल्यावर टीव्ही लावावा तर तो लागत नाही. सेट डोक्यावर किंवा मोटारसायकलवर बांधून दुकानात आणला जातो. तेथे कारागिराने न उघडताच "बोर्ड गेला" असे सांगितले की हंगामाच्या कमाईतून हजारो रुपये जातात. पुष्कळदा दोष असतो तो फ्यूज, दोन-चार डायोड किंवा फुगलेला कंडेन्सर एवढाच. म्हणून दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या बंधूंनी तपासणीचा क्रम पक्का बसवून घेणे गिऱ्हाइकाच्या आणि स्वतःच्याही हिताचे आहे.

पहिला संशय विजेवर

आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट धरला जातो. त्यात ६ टक्के खाली-वर चालते, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. गावाकडे रोहित्रावर भार वाढला की दाब याच्याही बराच खाली येतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कमी दाब मोटारीला मारतो, जास्त दाब बोर्डाला मारतो. दाब कमी असला की फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू न होता नुसता गुणगुणतो आणि त्याची वायंडिंग तापते. टीव्हीवर मात्र याचा फारसा परिणाम होत नाही. आजच्या बहुतेक टीव्हींच्या पाठीमागे १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. त्याचा शत्रू अचानक वाढलेला दाब हा होय.

असा दाब वाढण्याचे मोठे कारण म्हणजे न्यूट्रल तुटणे किंवा सैल होणे. रोहित्रातून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघते. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरील घरे एकमेकांशी जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधील सुमारे ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या फेजवर भार कमी, तेथे दाब जास्त चढतो. काही घरांतील दिवे मंद आणि काहींतील डोळे दिपवणारे झाले की हेच झाले असे समजावे. ताबडतोब मेन स्विच बंद करून महावितरणच्या लाइनमनला कळवावे. अशा वेळी काही लोक अर्थिंगची तारच न्यूट्रल म्हणून जोडतात. हे जिवावर बेतणारे आहे, कारण यंत्राच्या पत्र्यातच वीज उतरू शकते. एकाच गल्लीतील चार-पाच सेट एकाच दिवशी दुकानात आले, तर कारागिराने गिऱ्हाइकाला आधी हे विचारावे. नाहीतर दुरुस्त केलेला सेट त्याच रात्री पुन्हा जळेल.

सेट उघडल्यावर

फ्यूजची काच आतून काळी पडली असेल तर पुढे शॉर्ट आहे असे धरावे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार कधीही घालू नये. फ्यूजजवळच्या बटणाएवढ्या चपट्या गोल भागाला एमओव्ही म्हणतात. दाब मर्यादेबाहेर गेला की हा भाग स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि बाकीचा बोर्ड वाचवतो. त्यावर बहुधा ४७१ हा आकडा असतो. पुष्कळ कारागीर फुटलेला एमओव्ही कापून टाकतात आणि नुसता फ्यूज घालतात. सेट चालू होतो, पण पुढच्या वेळी तो वाचवणारे कोणी नसते. त्याच क्रमांकाचा नवा भाग बसवावा. त्याची किंमत अगदी किरकोळ आहे.

त्यानंतर ब्रिजचे चार डायोड, मोठा कंडेन्सर आणि स्विचिंगचा ट्रान्झिस्टर किंवा आयसी हे याच क्रमाने तपासावेत. मोठ्या कंडेन्सरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी मिळायला हवेत, कारण २३० चे शिखरमूल्य तेवढे असते. प्लग काढल्यावरही हा दाब काही काळ टिकतो आणि जोराचा धक्का देतो. बोर्डाला हात लावण्यापूर्वी रेझिस्टर किंवा पिवळ्या बल्बच्या तारा टेकवून तो उतरवावा आणि मीटरने खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नये.

दुसऱ्या बाजूचे छोटे कंडेन्सर डोक्यावर फुगलेले असतील तर ते बदलावेत. नवा कंडेन्सर १०५ अंशांचा घ्यावा. तपमान १० अंशांनी कमी राहिले तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणून सेटच्या मागची जाळी मोकळी ठेवण्यास गिऱ्हाइकाला सांगावे. आवाज आहे पण चित्र नाही, अशा वेळी पडद्यावर तिरपा टॉर्च मारून पाहावा. पुसट चित्र दिसले तर बोर्ड नव्हे, बॅकलाइटची एलईडी पट्टी किंवा तिला वीज देणारा भाग गेला आहे.

सिरीज दिव्याचा उपयोग

दुरुस्त केलेला सेट थेट विजेवर लावू नये. ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब फेजच्या तारेत सिरीजमध्ये जोडून मगच लावावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशाने पेटत राहिला तर शॉर्ट बाकी आहे. मुळीच पेटला नाही तर वाट कुठेतरी तुटली आहे. या साध्या दिव्यामुळे नवे बसवलेले भाग पुन्हा जळत नाहीत. फ्रिजसाठी मात्र ही पद्धत वापरू नये. सुरू होताना त्याला लागणारा प्रवाह बल्बमधून मिळत नाही.

पंख्याची परीक्षा आणखी सोपी आहे. हाताने ढकलल्यावर फिरत असेल तर बहुधा कंडेन्सर गेला आहे. छताच्या पंख्यात तो सहसा अडीच मायक्रोफॅरडचा असतो. मिक्सर बंद पडला तर आधी तळाचे लाल ओव्हरलोड बटण दाबून पाहावे आणि मग कार्बन ब्रश बघावेत. रिमोट तपासायचा असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. त्याचा दिवा लुकलुकताना दिसला तर रिमोट चांगला आहे.

धंदा टिकतो तो विश्वासावर

कंपन्यांच्या सेवा केंद्रांत सहसा आख्खा बोर्डच बदलतात. भाग शोधून दुरुस्त करणे हीच गावच्या कारागिराची खरी ताकद आहे. केंद्र सरकारनेही दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले. तेथे कंपन्यांच्या दुरुस्तीविषयक माहितीचा शोध घेता येतो.

गिऱ्हाइकाने ठेवून गेलेला सेट ही अमानत आहे. बिघाड व अंदाजे खर्च आधी सांगावा आणि काढलेला जुना भाग त्याला दाखवावा. पावतीवर बदललेला भाग लिहावा. ज्या सेटची दुरुस्ती परवडणार नाही, त्याबाबत तसे स्पष्ट सांगावे. ऊसतोडीला निघणाऱ्यांना एवढे आवर्जून सांगावे : नुसता स्विच बंद करू नका, प्लग काढा. डिशची केबल सोडवा आणि रिमोटमधील सेल काढून ठेवा. या सल्ल्याचे पैसे मिळणार नाहीत. पण हंगाम संपवून परतलेले गिऱ्हाईक पुढच्या कामासाठी त्याच दुकानाची पायरी चढेल.