रिचार्जच्या भावात घासाघीस कुठे?

अक्कलकोटच्या बाजारात भाव मराठीत सांगितला, तरी घासाघीस कन्नडमध्येही होते. भाजी असो नाहीतर चप्पल, दोन-चार रुपये कमी करूनच माणूस पुढे सरकतो. रिचार्जच्या दुकानात मात्र सगळे गप्प! स्क्रीनवर दिसेल तो आकडा मुकाट्याने द्यायचा.

एके काळी आपल्या वतीने ही घासाघीस कंपन्यांची स्पर्धाच करायची. एअरसेल, टाटा डोकोमो, टेलिनॉर अशी किती नावं होती! ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि मार्च २०१७ पर्यंत डेटा चक्क फुकट मिळाला. एक जीबी महिनाभर पुरवून वापरणारे आपण तेवढा डेटा दिवसाला उडवायला लागलो. या लढाईत बाकीचे टिकले नाहीत. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, एअरसेल दिवाळखोरीत गेली. आता उरल्या तीन खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल.

मग काय झालं? जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एका दिवसाच्या फरकाने दर वाढवले. जिओचा २३९ चा पॅक २९९ ला गेला. व्हॅलिडिटी २८ दिवसांची, म्हणजे वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज. वर्षाला ७८० रुपये जास्त! आणि महाडीबीटीचा फॉर्म, परीक्षेचा निकाल, सगळंच ऑनलाइन असताना ‘या महिन्यात नेट नको’ म्हणायची सोयही नाही.

आता तर रस्ता ज्याचा, त्यावरचं दुकानही त्याचंच. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमाने फुकट दाखवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच हॉटस्टारसोबत एक होऊन ‘जिओहॉटस्टार’ झालं. क्रिकेट, सिनेमा, सिरियल एका ठिकाणी आल्या आणि पैसे सुरू झाले. पॅकसोबत ‘फ्री’ मिळणाऱ्या ॲपची किंमतही शेवटी आपल्याच खिशातून जाते.

पण ग्राहक बोलला तर फरक पडतो. काही निवडक साइट फुकट आणि बाकीच्यांना पैसे, असा बेत २०१५ मध्ये होता. लाखो लोकांनी ‘ट्राय’ला ईमेल पाठवले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने अशा वेगवेगळ्या दरांवर बंदी घातली. तेव्हा ईमेल पाठवणाऱ्यांत तरुण मंडळी कमी नव्हती.

आपल्या हातात आज काय आहे? पॅकची किंमत दिवसांनी भागा, मगच तुलना करा. घरी, कॉलेजात आणि सोलापूरच्या एसटीत कुणाची रेंज टिकते, ते मित्रांच्या फोनवर बघा. नाही पटलं तर इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून पुढे आपला नंबर टाका आणि १९०० वर मेसेज करा. नंबर तोच राहतो, कंपनी बदलते. रिचार्जच्या दुकानात आपल्याला करता येणारी घासाघीस हीच!