सायकलचा मागचा दिवा: सेल बदलता येणारा घ्यायचा असेल तर काय बघाल?

सायकलचा पुढचा दिवा विझला तर लगेच कळतं, कारण रस्ताच दिसेनासा होतो. मागचा विझला तर कळत नाही. आपण निवांत पॅडल मारत असतो आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला पुढे फक्त अंधार दिसत असतो. म्हणून मागचा दिवा घेताना 'किती ल्युमेनचा?' याच्या आधी वेगळंच विचारायला हवं: हा संपेल तेव्हा मी कुठे असेन, आणि तिथे तो परत पेटवता येईल का?

सध्या बहुतेक टेल लाइट यूएसबीवर चार्ज होणारे असतात. रोज ठरलेल्या वेळी ऑफिसला जाऊन घरी येणाऱ्यांनी खुशाल तेच घ्यावेत, रात्री फोनशेजारी चार्जिंगला लावला की झालं. मात्र आतली लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता बऱ्यापैकी उतरते. बहुतेक दिव्यांत ती सीलबंद असते, त्यामुळे बॅटरीबरोबर धडधाकट एलईडीही कचऱ्यात जातो. आणि लांबच्या प्रवासात गणित पूर्ण बदलतं. ४०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला २७ तासांची मुदत असते, म्हणजे एक अख्खी रात्र रस्त्यावर जाणारच. पहाटे तीनला हायवेवरच्या टपरीवर चार्जिंगची सोय मिळेलही, पण दिवा भरेपर्यंत घड्याळ थांबत नाही. सेल बदलायला दोन मिनिटं पुरतात, आणि पेन्सिल सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतो. पहाटे निघणारे पेपरवाले, दूधवाले, रात्रपाळीचे वॉचमन यांच्यासाठीही हीच सोय जास्त कामाची.

कुठला सेल चालणारा दिवा?

सरळ सांगतो: दोन ट्रिपल-ए म्हणजे बारीक पेन्सिल सेलवर चालणारा घ्या. प्लॅनेट बाइकचा सुपरफ्लॅश किंवा कॅटआयचा ऑम्नी ५ हे याच जातीतले जुने, नावाजलेले दिवे. डबल-ए वाला मिळाला तर आणखी चांगलं, कारण त्यात दुपटीहून जास्त ऊर्जा मावते. फक्त तो आकाराने मोठा आणि जड होतो.

बटण सेलवाले छोटे सिलिकॉनचे दिवे दिसायला गोंडस असतात, पण ते मुख्य दिवा म्हणून नकोत. सीआर२०३२ या नावातच त्याचं माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. त्यात जेमतेम २२० मिलीअँपिअर-तास साठा असतो आणि तोही घड्याळासारख्या थेंब थेंब वीज पिणाऱ्या वस्तूसाठी. जोरात प्रकाश मागितला की तो लगेच दमतो. घरात लहान मूल असेल तर बटण सेल आणखी सांभाळून ठेवा. गिळला गेला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते.

आता नेहमीची शंका. साधा सेल १.५ व्होल्टचा आणि रिचार्जेबल १.२ व्होल्टचा, मग दिवा मंद पेटणार नाही का? मागच्या दिव्यात सहसा नाही. लाल एलईडी पेटायला साधारण २ व्होल्ट लागतात. दोन रिचार्जेबल सेल मिळून २.४ व्होल्ट देतात, म्हणजे काम भागतं. पांढऱ्या एलईडीला ३ च्या आसपास व्होल्ट लागतात, म्हणून पुढच्या दिव्यात तीन सेल किंवा व्होल्टेज वाढवणारं सर्किट द्यावं लागतं. शिवाय अल्कलाइन सेल १.५ वर कायम राहतच नाही. वापरात तो हळूहळू १ व्होल्टच्याही खाली येतो. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल मात्र बराच काळ १.२ च्या आसपास टिकून राहतो आणि शेवटी एकदम बसतो. म्हणजे अल्कलाइन मंद होत होत इशारा देतो, रिचार्जेबल फारसा देत नाही. रिचार्जेबल वापरणार असाल तर ठरलेल्या दिवशी चार्ज करायची सवय लावा, संपायची वाट बघू नका.

सेलवरची बारीक अक्षरं

दुकानात 'पेन्सिल सेल द्या' म्हटलं की बऱ्याचदा हातात स्वस्तातला झिंक-कार्बन सेल येतो. रिमोटला, भिंतीवरच्या घड्याळाला तो ठीक आहे. टेल लाइटमध्ये तो अल्कलाइनच्या निम्माही चालत नाही. 'हेवी ड्यूटी' असं ठळक छापलेलं असलं तरी भुलू नका, ते बहुधा झिंक-कार्बनवरच लिहिलेलं असतं! ओळखायची खूण बारीक अक्षरांत असते. ट्रिपल-ए सेलवर नुसतं 'आर०३' असेल तर झिंक-कार्बन, 'एलआर०३' असेल तर अल्कलाइन, 'एचआर०३' असेल तर रिचार्जेबल. डबल-ए मध्ये तेच आर६, एलआर६, एचआर६.

एक सावधगिरी. १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल आकाराने हुबेहूब डबल-ए सारखा असतो, पण तो ३.७ व्होल्टचा आहे. दिव्याच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं नसेल तर तो त्यात घालू नये, सर्किट जळू शकतं.

खोक्यावरचे तास

'१०० तास' वाचून हुरळून जाण्याआधी तो आकडा कुठल्या मोडचा आहे ते बघा. जवळजवळ नेहमीच तो लुकलुकणाऱ्या मोडचा असतो. हिशोब सोपा आहे. समजा दिवा सतत पेटता ठेवल्यावर १०० मिलीअँपिअर वीज घेतो आणि रिचार्जेबल ट्रिपल-ए सेल ८०० मिलीअँपिअर-तासांचे आहेत. मग सतत मोडवर ८ तास मिळतील. लुकलुकताना तो एक चतुर्थांश वेळच पेटत असेल तर ३२ तास. (दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे व्होल्ट दुप्पट होतात, तास नाही.) रात्रभर सतत मोडवर चालवायचं असेल तर वाटेत एकदा सेल बदलायचे, हे आधीच धरून चला.

लुकलुकणारा चांगला की सतत पेटणारा? लुकलुकणारा पटकन नजरेत भरतो, पण अंधाऱ्या रस्त्यावर मागच्या चालकाला अंतराचा अंदाज सतत पेटणाऱ्या दिव्यावरून जास्त नीट येतो. जर्मनीत सायकलचा मागचा दिवा लुकलुकता चालत नाही. ब्रिटनमध्ये मिनिटाला ६० ते २४० वेळा या मर्यादेत चालतो. दोन दिवे लावणं शक्य असेल तर एक सतत आणि एक लुकलुकता ठेवा. एक दगा देईल तेव्हा दुसरा असेल, हा मोठा फायदा.

पाऊस आणि खड्डे

आपल्याकडे खरी परीक्षा इथे. आयपीएक्स४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी सोसेल. मागच्या चाकाला मडगार्ड नसेल तर चिखलपाण्याचा फवारा थेट दिव्यावर येतो, तिथे आयपीएक्स६ बरा. सेलच्या झाकणाला रबरी रिंग आहे ना, ती जागेवर नीट बसते ना, ते दुकानातच उघडून बघा. नाणं घालून उघडणारं झाकण सगळ्यात सोयीचं. बारीक स्क्रूचं झाकण अंधारात उघडायचं म्हणजे स्क्रू हरवायचं आमंत्रण.

खड्ड्यांचा त्रास पटकन लक्षात येत नाही. सेल स्प्रिंगवर टेकलेले असतात. जोरात दणका बसला की क्षणभर संपर्क सुटतो. बटण दाबून चालू होणाऱ्या दिव्यांत मोड लक्षात ठेवायचं काम एक चिप करते. तिचा पुरवठा तुटला की ती सगळं विसरते आणि दिवा बंदच राहतो. तपासणी सोपी आहे: दिवा चालू करून तळहातावर सगळ्या दिशांनी आपटा. एकदाही विझला तर परत करा.

सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल फुटून क्षार बाहेर येतो आणि स्प्रिंग खातो. पांढरा थर दिसला तर हातमोजे घालून कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग पूर्ण वाळू द्या. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका. अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्यातून उलटा दाब देत राहतो, गळती बहुतेक अशीच सुरू होते.

बसवताना दिवा सीटखालच्या दांड्यावर लावला आणि कॅरियरवर डबा किंवा पिशवी बांधली, तर तो मागून दिसतच नाही. सामान नेणाऱ्यांनी कॅरियरच्या मागच्या पट्टीवर बोल्टने बसणारा दिवा घ्यावा. तिथल्या दोन भोकांमधलं अंतर बहुधा ५० किंवा ८० मिलिमीटर असतं, आधी मोजून घ्या. काचेतच रिफ्लेक्टर असलेला दिवा मिळाला तर तोच निवडा, सेल संपले तरी गाडीच्या उजेडात तो चमकतो. दिव्याचं तोंड आकाशाकडे किंवा टायरकडे नको, सरळ मागे हवं.

जादा सेल सोबत ठेवताना प्लास्टिकच्या छोट्या डबीत ठेवा. खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटे टाकले तर दोन्ही टोकं जोडली जाऊन सेल तापतात, आणि गरज पडते तेव्हा रिकामे निघतात.