पालीचा तिठा आणि काचेचा धागा

कोल्हापूरहून आंबा घाट उतरून येणारा रस्ता पालीला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. उजवीकडे वळलात तर हातखंबा आणि रत्नागिरी, डावीकडे वळलात तर लांजा, राजापूर आणि पुढे थेट गोवा. या तिठ्यावर मी आयुष्यात कितीतरी वेळा एस्टीची वाट पाहिली आहे. पण २०२० च्या ऑक्टोबरात मी तिथे जिची वाट पाहत उभा होतो, ती डोळ्यांना दिसणारी चीज नव्हती. ती होती ‘रेंज’!

माझ्या बहिणीचे घर महामार्गापासून दोन-तीन मैल आत, खोऱ्यात आहे. जांभ्याच्या भिंती, मागे पोफळी, तिन्ही बाजूंना डोंगर. मनाला विसावा देणारी अशी जागा दुसरी नसेल. मात्र मोबाईलच्या लहरींना तिथे उतरायला वाट नाही. भाची त्या वर्षी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. महामारीमुळे पदवीच्या अंतिम परीक्षा घरबसल्या द्यायच्या होत्या. घरबसल्या! हा शब्द ज्याने काढला, त्याचे घर बहुधा खोऱ्यात नसावे.

मेहुण्यांनी आठ दिवस आधी साऱ्या परिसराची पाहणी केली आणि तिठ्याजवळच्या एका बंद दुकानाची पायरी मुक्रर केली. पेपराच्या दिवशी परतीचा पाऊस आला. भाची पायरीवर मोबाईल घेऊन बसलेली, मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा, आणि शेजारून मालमोटारी चिखल उडवीत चाललेल्या. तासाभराचा पेपर. वीस-बावीस प्रश्न झाले आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागले.

“मामा, नुसतं फिरतंय!” ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता.

ते चक्र वीस मिनिटे फिरत राहिले. पुढे हुकलेल्यांसाठी फेरपरीक्षा झाली, तिने ती दिली आणि उत्तीर्णही झाली. पण त्या वीस मिनिटांत मुलीच्या तोंडावरचा रंग कसा उडाला, ते मी विसरलेलो नाही. तीन वर्षांचा अभ्यास डोक्यात तयार होता; तो कागदावर येत नव्हता एवढेच.

त्या संध्याकाळी मला राहून राहून अण्णासाहेब कर्व्यांची आठवण झाली. १८७५ साली मुरूडचा हा मुलगा परीक्षेला बसण्यासाठी सह्याद्री ओलांडून शंभर मैलांहून अधिक पायपीट करीत साताऱ्याला गेला. आणि वयाने लहान दिसतो, म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही! आपण ती हकिकत मुलांना जिद्दीचा धडा म्हणून सांगतो. जिद्दीचा धडा खराच, पण त्यात आणखी एक धडा आहे. परीक्षा जवळ नव्हती, म्हणून ती पायपीट होती. दीडशे वर्षांनंतरही आमच्या पोरांना परीक्षेसाठी घर सोडून रस्त्यावर यावे लागले, तर कौतुक कुणाचे करायचे आणि लाज कुणी बाळगायची?

आता सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गंमत अशी की, आपल्या देशात इंटरनेट आले तेच मुळी उच्च शिक्षणाच्या दारातून. १९८६ साली ‘अर्नेट’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र अशा संस्था होत्या. सामान्य माणसाला ही सेवा मिळाली ती १५ ऑगस्ट १९९५ पासून. पुढे २००४ साली पहिले ब्रॉडबँड धोरण आले. सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड, अशी त्यात व्याख्या होती. २०१० पर्यंत २ कोटी जोडण्या देण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात झाल्या त्या १ कोटीच्या आसपास. ती व्याख्या पुढे वाढत वाढत २०२३ साली २ मेगाबिटांवर आली.

२०१० साली ५,९९० कोटी रुपयांच्या ‘राष्ट्रीय ज्ञान जाला’ला मंजुरी मिळाली. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था अतिवेगवान तारांनी एकमेकींना जोडाव्यात, ही त्यामागची कल्पना. पाठोपाठ २०११ साली सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेचा धागा नेण्याची योजना निघाली; तीच आजची ‘भारतनेट’. २०१८ च्या धोरणाने तर प्रत्येक नागरिकाला ५० मेगाबिट आणि सर्व शिक्षणसंस्थांना मागताच १०० मेगाबिट, असे वचन दिले.

म्हणजे विद्यापीठ जोडले, पंचायत जोडली. राहिले काय? राहिले ते पंचायतीपासून माजघरापर्यंतचे शेवटचे दोन-तीन मैल! आणि विद्यार्थी नेमका तिथेच राहतो.

हा काचेचा धागा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. केसाइतकी बारीक काचेची तार. तिच्या एका टोकाला प्रकाशाची उघडझाप होते आणि ती दुसऱ्या टोकाला क्षणात पोचते. मोबाईलच्या लहरी डोंगराआड अडतात, ही तार डोंगराला वळसा घालून जाते. म्हणूनच कोकणासारख्या मुलखाला तिचे मोल अधिक. पण तिलाही शत्रू आहेत. रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राचा एक फावडा लागला की ती तुटते. शिवाय पहिल्या आखणीत गावे बहुधा एकापुढे एक अशी जोडली होती. मधे तार तुटली की पुढची सगळी गावे अंधारात! आंबा घाटात दरड कोसळली की पालीचा कोल्हापूरशी सरळ संबंध तुटतो, तसेच हे. २०२३ च्या ऑगस्टात मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटींच्या सुधारित योजनेत साखळीऐवजी कडे करायचे ठरले आहे. एका बाजूने तार तुटली तर दुसऱ्या बाजूने निरोप यावा, हे त्यातले शहाणपण.

“महामारी सरली, परीक्षा पुन्हा वर्गात आल्या, आता एवढा आग्रह कशाला?” असे कुणी विचारील. त्याचे उत्तर असे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठावर देशातल्या नामवंत प्राध्यापकांचे अभ्यासक्रम विनामूल्य ऐकता येतात. २०२१ च्या नियमांनुसार सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा अभ्यासक्रमांतून मिळवण्याची मुभा विद्यापीठे देऊ शकतात. म्हणजे उद्या जवळजवळ अर्धे महाविद्यालय तारेवरून येणार! लहान गावातल्या मुलीला आयआयटीतल्या प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकायला मिळावे, याहून मोठी समता कोणती? पण ज्याच्या घरी तार नाही, त्याला हीच समता नवी विषमता होऊन बसते. फिनलंडने २०१० सालीच ब्रॉडबँड हा नागरिकाचा कायदेशीर हक्क ठरवला. आपल्याकडे केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले.

मला यावर एक साधा उपाय सुचतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. प्रत्येकाला सारे ग्रंथ विकत घेणे परवडत नाही, म्हणून गावाने मिळून ते घ्यावेत, हे आपल्या पूर्वजांना दोनशे वर्षांपूर्वी उमगले होते. तोच न्याय तारेला लावावा. घरोघर जोडणी होईल तेव्हा होवो. तोवर गावच्या वाचनालयात किंवा शाळेत एक खोली असावी. तिथे काचेची तार असावी, वीज गेली तरी चालेल असा बॅटरीचा संच असावा, आणि रात्री दहापर्यंत दार उघडे ठेवणारा पगारी माणूस असावा. पाचाच्या ठोक्याला कुलूप पडणाऱ्या कचेरीत पेटीचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला, तर त्याचा विद्यार्थ्याला काय उपयोग? आणि तार तुटल्यावर ती किती तासांत जोडायची, हे करारात लिहिलेले असावे. आपण तार टाकण्याचा समारंभ करतो. ती सांभाळण्याचा पैसा मात्र विसरतो.

यंदा गणपतीला पुन्हा बहिणीकडे गेलो होतो. भाची पुण्याहून आली होती, एम. एस्सी. करून आता ती तिथेच नोकरी करते. धाकटा भाऊ पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याने ‘स्वयम्’वरचा एक अभ्यासक्रम घेतला आहे. त्याचा स्वाध्याय त्याच रात्री पाठवायचा होता. जेवणे उरकल्यावर तो मोटारसायकल काढू लागला.

“एवढ्या रात्री कुठे रे?” मी विचारले.

“तिठ्यावर, मामा. दहा मिनिटांत येतो.”

बाहेर भुरभुर पाऊस होता. भाचीने कोपऱ्यातली माझी जुनी छत्री उचलून त्याच्या हातात दिली. बोलली काहीच नाही.