फुलदाणीतील निशिगंध टवटवीत कसा राहील?

मलकापूर तालुका हा मुख्यतः कपाशी, सोयाबीन, मका व तूर या पिकांचा होय. तथापि ज्यांच्या विहिरीस पुरेसे पाणी आहे, असे काही शेतकरी आता चार-सहा गुंठ्यांत निशिगंध लावू लागले आहेत. आपल्याकडे यासच गुलछडी म्हणतात. सुटी फुले हारासाठी जातात आणि लांब दांड्यांची फुले घरोघरी फुलदाणीत ठेवण्यासाठी विकली जातात. या दुसऱ्या प्रकारच्या विक्रीत एक अडचण वारंवार येते. तिचा विचार या लेखात करावयाचा आहे.

दसऱ्याच्या सुमारास एका शेतकऱ्याने निशिगंधाचे दांडे सकाळी नऊ-दहाच्या सुमारास कापले, सुतळीने जुड्या बांधल्या आणि कोरड्या गोणपाटात गुंडाळून मोटारीच्या टपावरून शहरात पाठविले. माल दिसावयास उत्तम होता. परंतु दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्याचा निरोप आला की, गिऱ्हाइकांच्या घरी कळ्या उमललेल्या नाहीत आणि माना खाली पडल्या आहेत. पुढचा माल पाठवू नये. शेतकऱ्याने पीक मोडून टाकण्याचा विचार बोलून दाखविला. प्रत्यक्ष शेतात जाऊन पाहता पिकात कोणताही दोष आढळला नाही. दोष होता तो कापणीनंतरच्या पहिल्या दोन तासांत.

कापलेले फूल का सुकते?

दांडा झाडापासून तोडला तरी तो लगेच मरत नाही. त्याचा श्वासोच्छ्वास चालू असतो, कळ्या उमलत असतात आणि पाकळ्यांतून पाण्याची वाफ होत असते. हे पाणी दांड्यातील बारीक नळ्यांतून वर चढते. दांडा कोरडा राहिला की कापलेल्या तोंडातून या नळ्यांत हवा शिरते. पुढे तो पाण्यात ठेवला तरी हवेच्या अडथळ्यामुळे पाणी वर चढत नाही. पाणी शिळे व अस्वच्छ असल्यास त्यात सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्यांच्या चिकट थराने नळ्यांची तोंडे बुजतात. यास्तव फूल पाण्यात उभे असूनही तहानेने सुकते. मलकापूरच्या कोरड्या उष्ण हवेत हा प्रकार अधिक वेगाने घडतो, हे निराळे सांगावयास नको.

शेतावर घ्यावयाची काळजी

दांडे भल्या पहाटे अथवा सायंकाळी ऊन उतरल्यावर कापावेत. फुलदाणीसाठी खालची एक-दोन फुले उमललेली व वरच्या कळ्या भरलेल्या असा दांडा निवडावा. फार कोवळा कापल्यास वरच्या कळ्या उमलत नाहीत. कापणी धारदार व स्वच्छ चाकूने जमिनीपासून चार ते सहा सेंटिमीटर उंचीवर करावी, म्हणजे कंदास इजा होत नाही. पाण्याची बादली वाफ्याच्या कडेलाच सोबत न्यावी आणि दांडा कापताक्षणी तीत उभा करावा. बादली सावलीत ठेवावी. बाजारास नेतानाही शक्यतो दांडे उभेच ठेवावेत. ग्लॅडिओलसचे दांडे आडवे पडून राहिल्यास त्यांचे शेंडे वर वळतात आणि मग ते सरळ होत नाहीत.

घरी घ्यावयाची काळजी

१. दांडे घरी आणताच खालचे टोक दोन-तीन सेंटिमीटर तिरपे कापावे. हे टोक पाण्यात बुडवूनच कापल्यास नळ्यांत पुन्हा हवा शिरत नाही.

२. फुलदाणी आतून घासून स्वच्छ करावी. काचेची बरणी किंवा तांब्याही चालेल. ती धुण्यास थोडी ब्लीचिंग पावडर वापरल्यास उत्तम. मात्र नंतर स्वच्छ पाण्याने खळखळून घ्यावी.

३. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. ती कुजून पाणी नासते.

४. पाणी दररोज बदलावे. एक दिवसाआड दांड्याचे टोक थोडे कापावे आणि सुकलेली खालची फुले खुडावीत.

५. फुलदाणी उन्हात, पंख्याखाली किंवा कूलरच्या झोतात ठेवू नये.

६. पिकत असलेली केळी व आंबे यांच्याजवळ फुले ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. कार्नेशनसारखी फुले त्याच्या अल्पशा प्रमाणानेही मिटतात. निशिगंधास त्याची बाधा कमी होते, तरी अंतर ठेवणे बरे. आपल्या शेजारी जळगाव जिल्ह्यात केळीचे मोठे पीक आहे. म्हणून एकाच वाहनातून केळी व फुले पाठविण्याचा मोह टाळावा.

पाणी कोणते वापरावे?

हा प्रश्न आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. ज्या गावच्या विहिरीचे पाणी खारट आहे, तेथे ते फुलदाणीत वापरू नये. क्षारांमुळे फुलांचे आयुष्य घटते. पाणी उकळल्याने क्षार नाहीसे होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. अशा ठिकाणी साठविलेले पावसाचे किंवा पिण्याचे गोडे पाणी घ्यावे. एका फुलदाणीस फार पाणी लागत नाही.

कळ्या उमलण्यास अन्नाचीही गरज असते. एक लीटर पाण्यात सुमारे २० ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे, आणि लिंबाचा रस दोन चमचे मिसळावा. आंबटपणामुळे जंतूंची वाढ मंदावते व पाणी वर चढण्यास मदत होते. नुसती साखर घालू नये. ती फुलाआधी जंतूंना पोसते. पाण्यात तांब्याचा पैसा टाकण्याची जुनी समजूत आहे, परंतु तांबे साध्या पाण्यात पुरेसे विरघळत नसल्याने तिचा उपयोग होत नाही.

ट्युलिपविषयी थोडेसे

श्रीनगर येथे ट्युलिपचे मोठे उद्यान लोकांसाठी खुले झाले. तेव्हापासून वर्तमानपत्रांत त्याची चित्रे पाहून हे फूल आपल्याकडे होईल काय, असे काही शेतकरी विचारतात. ट्युलिपच्या कंदास फुलण्यापूर्वी कित्येक आठवडे थंडी लागते. ती मलकापुरास मिळत नाही. म्हणून त्यामागे पैसा घालवू नये. शहरातून कोणी कापलेले ट्युलिप आणलेच, तर त्यासही स्वच्छ भांडे, नवा छेद व ताजे थंड पाणी हेच नियम लागू पडतात. हे फूल फुलदाणीतही उंच वाढते आणि उजेडाकडे झुकते. ते झुकलेले दिसले म्हणजे सुकलेच, असे समजू नये.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ तोंडाने न सांगता करून दाखवावा. एकाच वाफ्यातून एकाच वेळी सारखे दोन दांडे कापावेत. एक लगेच पाण्यात ठेवावा, दुसरा दुपारपर्यंत कोरडा ठेवावा. नंतर दोन्ही स्वच्छ काचेच्या पेल्यांत, सारख्याच पाण्यात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात शेजारी शेजारी ठेवावेत. पेल्यांवर तारखेची चिठ्ठी लावावी आणि रोज किती कळ्या उमलल्या हे मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावे. यास खर्च काहीच नाही, आणि फळ्यावरचे आकडे गावातील कोणासही वाचता येतात.

वर उल्लेखिलेल्या शेतकऱ्याने पीक मोडले नाही. तो आता पहाटे बादली घेऊन वाफ्यात जातो आणि प्रत्येक जुडीबरोबर घरी घ्यावयाच्या काळजीची चार ओळींची चिठ्ठी बांधतो. त्याच व्यापाऱ्याने पुढे त्याचा माल पुन्हा घेण्यास सुरुवात केली. फूल गिऱ्हाइकाच्या घरी टिकले तरच पुढची मागणी येते. म्हणून आपल्या पिकाची काळजी वाफ्यात संपत नाही, ती गिऱ्हाइकाच्या फुलदाणीपर्यंत घ्यावी लागते, हे फुलशेती करणाऱ्या प्रत्येक बंधू-भगिनीने ध्यानात ठेवावे.