किरकोळ गुन्हा, परका मुलूख

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर ज्यांनी कधी गाडीची वाट पाहिली असेल, त्यांना तेथील ते प्रसिद्ध बाकडे ठाऊक असेल. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. एका टोकाला बसलेला प्रवासी नंदुरबार जिल्ह्यात असतो, तर त्याच्याशी गप्पा मारणारा तापी जिल्ह्यात. पिशवीत दारूची बाटली असलेला गृहस्थ या बाकावर हातभर सरकला, तरी तो निराळ्या गुन्ह्याच्या हद्दीत जातो. गंमत अशी की, दोन्हीकडचा कायदा मुळात एकच : मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. १९६० साली द्विभाषिक राज्य विभागले गेले, तेव्हा तो दोघांच्याही वाट्याला आला. महाराष्ट्राने परवान्याच्या वाटेने तो सैल केला आणि गुजरातने तो घट्ट धरून ठेवला. आमच्या शहादे तालुक्यातून सुरतेकडे कामाला जाणाऱ्या माणसाला हा धडा कोणी शिकवावा लागत नाही. तो उच्छलच्या नाक्यावर आपोआप मिळतो.

परंतु हाच माणूस किंवा त्याचा मुलगा समुद्र ओलांडून जातो, तेव्हा मात्र हा धडा तो का विसरतो, हा प्रश्न मला गेली दोन वर्षे पडलेला आहे.

त्यास एक निमित्त घडले. २०२३ सालच्या ऑक्टोबरात, उसाचा हंगाम तोंडावर आलेला असताना, लोणखेड्यातील एक शेतकरी रात्री दहाच्या सुमारास माझ्या घरी आले. त्यांचा मुलगा आमच्या महाविद्यालयात शिकून पुढे पुण्याला गेला आणि तेथून पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत. वडील ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "सर, पोराला तिकडे पोलिसांनी धरलं होतं म्हणे. दंड भरला की सुटतो, असं त्याचे मित्र सांगतात. किती दंड असेल?"

हकीकत साधी होती. तिकडच्या मोठ्या दुकानांत ग्राहक स्वतःच वस्तू यंत्रासमोर धरून स्वतःच पैसे भरतो. मुलाच्या टोपलीतील दोन वस्तूंची नोंद झाली नव्हती. घाईत राहिली, असे तो म्हणतो. मी त्याला तीन वर्षे वर्गात पाहिले आहे आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण माझ्या विश्वासाला तेथे काडीची किंमत नाही. दारातच दुकानाच्या रखवालदाराने अडविले, पोलीस आला आणि चोरीच्या आरोपाचा कागद व न्यायालयाची तारीख हाती देऊन त्याला सोडून दिले. मालाची किंमत आपल्या रुपयांत दीड हजाराच्या आतबाहेर. चार दिवस मुलाने शरमेपोटी कोणालाही सांगितले नाही. विद्यापीठाला नाही, वकिलातीला नाही, घरी तर नाहीच. तारखेला उभे राहायचे, गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि मोकळे व्हायचे, असा त्याचा बेत होता.

वडिलांचा प्रश्न अर्थशास्त्राच्या अध्यापकाला फार जवळचा होता. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली गुन्हा आणि शिक्षा यांवर एक गाजलेला निबंध लिहिला. माणूस गुन्ह्याचा लाभ एका पारड्यात टाकतो आणि पकडले जाण्याची शक्यता व शिक्षेची मात्रा दुसऱ्या, अशी त्याची मांडणी होती. या हिशेबात दंड ही एक किंमत ठरते. मी हे दरवर्षी शिकवितो. पण त्या रात्री माझ्या ध्यानात आले की, परदेशी माणसाच्या बाबतीत ही किंमत दोन ठिकाणी लिहिलेली असते. पहिली न्यायालयाच्या पावतीवर, आणि ती सर्वांना दिसते. दुसरी परकीय नागरिकांविषयीच्या कायद्यात, आणि ती पावती फाडणारा कारकून सांगत नाही. स्थानिक मुलगा दंड भरून घरी जाईल. आमचा मुलगा दंड भरेल आणि कदाचित त्याचे राहण्याचेच ठिकाण हरवून बसेल. मागे मात्र शेत गहाण ठेवून काढलेले कर्ज तसेच उभे राहील.

अमेरिकेच्या कायद्यात १९९६ पासून 'दोषसिद्धी' या शब्दाची परकीयांसाठी एक वेगळी व्याख्या आहे. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने त्यावर काही शिक्षा, दंड वा निर्बंध घातला, की स्थानिक न्यायालयाने पुढे ते प्रकरण बंद केले तरी परकीय नागरिकाच्या दृष्टीने ती दोषसिद्धीच राहते. त्यातून चोरी हा, रक्कम कितीही लहान असो, सामान्यतः नैतिक अधःपाताचा गुन्हा समजला जातो. एखाद्याच किरकोळ गुन्ह्याला काही सवलत आहे, पण ती कमाल शिक्षा किती होऊ शकली असती यावर अवलंबून असते. प्रत्यक्ष दंड किती झाला एवढ्यावर नव्हे. म्हणजे जे 'कबूल करून मोकळे होणे' म्हणतात, तेच नेमके अडकणे असते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पाडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात असा निर्णय दिला की, कबुलीमुळे हद्दपारी ओढवू शकते हे अशिलाला सांगणे फौजदारी वकिलाचे कर्तव्यच आहे. अर्थात, ज्याने वकीलच केला नाही त्याला हे कोण सांगणार?

सुदैवाने तारखेला अजून अवकाश होता. धुळ्याच्या एका वकील मित्राने त्याच रात्री दूरध्वनीवर पहिला सल्ला दिला तो असा : काहीही कबूल करू नको, कशावरही सही करू नको, आणि नुसता फौजदारी वकील गाठू नको, व्हिसाचा कायदा जाणणाराही गाठ. मुलगा विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत गेला. तेथील बाईंनी त्याला झिडकारले नाही. असे विद्यार्थी त्यांच्याकडे नेहमीच येतात, असे त्यांनी सांगितले. पुढे वकिलाने सरकारी पक्षाशी बोलून कबुलीविना तोडगा काढला. मुलाने एक वर्ग पुरा करायचा, ठरलेले तास समाजसेवा करायची आणि मग आरोप मागे. २०२४ च्या उन्हाळ्यात आरोप मागे घेतला गेला. वकिलाची फी दंडाच्या कित्येक पट झाली. वडिलांनी एका शब्दाने तक्रार केली नाही.

येथे वकिलातीविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती आहेत. एक, वकिलात काहीच करीत नाही. दुसरी, वकिलात आली की सुटका झाली. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे ३६ वे कलम असे सांगते की, परकीय नागरिकाला अटक झाली तर आपल्या देशाच्या वकिलातीला कळविण्याचा हक्क त्याला आहे आणि हा हक्क त्याला विनाविलंब सांगितला गेला पाहिजे. गुन्हा लहान की मोठा, असा भेद त्यात नाही. हे कलम मराठी वाचकांना परिचित झाले ते कुलभूषण जाधव यांच्या खटल्यामुळे. पाकिस्तानने या कलमाचा भंग केला, असा निर्णय हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. हेरगिरीच्या आरोपाशी दुकानातील टोपलीची तुलना करण्याचा हेतू नाही. पण ज्या कलमाने तेथे भारताला उभे राहता आले, तेच कलम लोणखेड्याच्या मुलाच्याही खिशात असते. फरक इतकाच की, अमेरिकेत आपल्या माणसाची खबर वकिलातीला द्यायची ती त्याने स्वतः मागणी केल्यावर. जो लाजेने गप्प बसतो, त्याच्यासाठी ते कलमही गप्प बसते.

वकिलात कोणाला तुरुंगातून सोडवू शकत नाही किंवा न्यायालयात बाजू मांडू शकत नाही. ती भेटू शकते, वकिलांची यादी देऊ शकते, घरी कळवू शकते. शिवाय २००९ साली स्थापन झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. दूतावासातील सेवांवर आकारलेल्या अल्प शुल्कातून तो उभा राहतो आणि २०१७ च्या सुधारित नियमांनुसार गरजू भारतीयांना कायदेशीर साह्य व किरकोळ दंड भरण्यासाठीही त्यातून मदत देता येते. आखाती देशांत मजुरीला जाणाऱ्या किती जणांना याची माहिती असते? २०२५ साली संसदेत दिलेल्या उत्तरानुसार परदेशी तुरुंगांत दहा हजारांहून अधिक भारतीय होते, आणि त्यांतील निम्मे सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिराती या दोनच देशांत. सगळेच निरपराध आहेत, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण दिवाळीच्या अनारशांना लागणारी खसखस अमिरातीत अमली पदार्थांत मोडते आणि आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात अशा काही वेदनाशामक गोळ्यांना तेथे पूर्वपरवानगी लागते, हे विमानात बसण्यापूर्वी किती आयांना आणि बायकांना ठाऊक असते? २०१९ मध्ये मुंबईचे एक तरुण दांपत्य नातेवाइकाने दिलेल्या पुडक्यापायी दोह्याला पकडले गेले आणि २०२१ पर्यंत तुरुंगात राहिले. तो आरोप किरकोळ नव्हता. पण 'तेवढं पुडकं घेऊन जा' हे वाक्य किती किरकोळ वाटते!

आपल्या पालघर जिल्ह्यातील खलाशांची कथा याहून विदारक आहे. समुद्रात रेघ दिसत नाही. मासळीच्या मागे नौका पाकिस्तानी हद्दीत जाते आणि माणसे कराचीच्या मलीर तुरुंगात पोहोचतात. शिक्षा काही महिन्यांची असते. ती भोगून झाली तरी सुटका होत नाही. २००८ च्या उभयपक्षी करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. शिक्षा संपून राष्ट्रीयत्व निश्चित झाल्यावर महिन्याभरात सोडावे, असेही त्या करारात लिहिले आहे. लिहिले आहे, इतकेच.

आणि आपण तरी परक्यांशी फार निराळे वागतो, असे नाही. २०२४ च्या डिसेंबरात कॅनडाची एक धावपटू गोव्याच्या विमानतळावर पकडली गेली. तिच्याजवळ उपग्रहामार्फत संदेश धाडणारे छोटे यंत्र होते. डोंगरदऱ्यांत फिरणारे लोक तिकडे ते सुरक्षिततेसाठी बाळगतात. आपल्याकडे १८८५ आणि १९३३ च्या तार व बिनतारी कायद्यांखाली परवान्याविना ते बाळगणे गुन्हा होता. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर या यंत्रांवरची नजर अधिक कडक झाली, आणि त्याला कारणही आहे. पण त्या बाईला जे वाटले असेल, तेच आमच्या मुलाला त्या दुकानाच्या दारात वाटले होते.

आरोप मागे घेतला गेल्यावर प्रकरण संपले, असे आम्ही समजत होतो. २०२५ च्या मार्चअखेरीस अमेरिकेत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी एकाएकी रद्द होऊ लागल्या. पोलिसांच्या नोंदींशी नावे ताडून पाहिली गेली होती. कोणाची वाहतुकीची चूक निघाली, तर कोणाचा कधीच फेटाळला गेलेला आरोप. विद्यार्थी न्यायालयांत गेले, त्यांत भारतीयही होते, आणि एकामागून एक स्थगिती मिळू लागल्यावर २५ एप्रिलला सरकारने नोंदी पूर्ववत करण्याचे मान्य केले. आमच्या मुलाचे नाव त्यांत आले नाही. पण ते तीन-चार आठवडे त्याचे वडील रोज सकाळी मळ्यात जाण्यापूर्वी माझ्याकडे येऊन वर्तमानपत्र चाळीत असत. त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीच्या अमेरिकी दूतावासाने चोरी किंवा मारहाण केल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो, अशी जाहीर ताकीदही दिली.

मुलगा आता नोकरीला आहे. गेल्या दोन दिवाळ्यांना तो घरी आलेला नाही. आला तर परतताना मुंबईच्या वाणिज्य दूतावासात नवा शिक्का घ्यावा लागेल, आणि त्या अर्जात आपणांस कधी अटक झाली होती काय, असा प्रश्न असतो. प्रकरण पुढे माफ झाले असले तरी. खरे उत्तर लिहावे आणि सोबत न्यायालयाचा कागद जोडावा, असा वकिलाचा सल्ला आहे. तो कागद मुलाने तिकडून पाठविला. वडिलांनी तो सातबाराच्या उताऱ्यांच्या पिशवीत जपून ठेवला आहे, आणि मध्यंतरी त्यातील मजकूर मराठीत समजावून घेण्यासाठी ते पुन्हा माझ्या ओट्यावर येऊन बसले होते.