गॅस ‘संपत’ नसतो भाऊ, गळतो!

एसीचा पार्ट बदलला, गॅस भरला, तरी पंधरा दिवसांत पुन्हा गरम हवा? मग बिल देण्याआधी हे वाचाच.

मे महिना, दुपारचे दोन, पुणे-सोलापूर हायवे. मागच्या सीटवर आजी, डोक्यावर ओला नॅपकिन. डॅशबोर्डवर एसीचा लाइट छान हिरवागार, आणि जाळीतून येणारी हवा मात्र थेट भट्टीतली. बाबा म्हणाले, ‘गॅस संपला असेल.’ हे वाक्य आमच्या घरात त्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा बोललं जात होतं. आधीच्या दोन्ही वेळी एका गॅरेजात १८०० रुपये देऊन आम्ही गॅस भरून घेतला होता. दोन्ही वेळी गारवा दोन-तीन आठवडे टिकला. आजीला त्या दिवशी भिगवणच्या पुढे चक्कर आली, तेव्हा ठरवलं की आता याच्या मुळाशी जायचं.

सोलापूरहून परतल्यावर शोधत शोधत नाना पेठेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पोहोचले. तिथल्या काकांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘गॅस भरला ते ठीक, पण गेला कुठून ते बघितलं का कुणी?’ कुणीच बघितलं नव्हतं.

तर मंडळी, बेसिक गोष्ट आधी समजून घ्या. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल अशा बंद चक्रात तोच गॅस फिरत राहतो. पाइपांमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, ते चालायचंच. पण महिन्याभरात कमी झाला, तर कुठेतरी लीकेज आहे हे नक्की. आमच्या गाडीत रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरवर तेलाचा काळपट डाग होता. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे तेलाची खूण राहते. समोरून उडालेल्या एखाद्या खड्याने तिथे बारीक भोक पडलं होतं.

कंडेन्सर बदलला, काम संपलं? नाही. काकांच्या भाषेत, ‘खरं काम आता सुरू.’

कंडेन्सरसोबत त्यांनी ड्रायर आणि जोडांवरच्या रबरी ओ रिंगही बदलल्या. ड्रायर म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची डबी. बिस्किटाचा पुडा उघडा राहिला की कसा सादळतो, तसंच याचं होतं. सिस्टीम हवेला उघडी पडली की ड्रायर दमटपणा पिऊन बसतो. म्हणूनच नव्या पार्टची झाकणं शेवटच्या क्षणापर्यंत काढायची नसतात. जुन्या कंडेन्सरमध्ये जेवढं तेल अडकून गेलं, तेवढं नवं तेलही कंपनीच्या मॅन्युअलनुसार घालावं लागतं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर इथे जास्तच सावध राहा. त्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये हाय व्होल्टेज वीज असते, म्हणून तेलही वेगळं, वीज न वाहणारं लागतं.

मग आला तो भाग, जो आधीच्या गॅरेजात चक्क गाळला होता : व्हॅक्युम. निळ्या आणि लाल गेजचे पाइप लावून पंप सुरू केला आणि सिस्टीममधली सगळी हवा ओढून घेतली. तब्बल ४५ मिनिटं! एवढा वेळ कशाला? डोंगरावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं, हे शाळेत वाचलंय ना? पंपाने दाब इतका खाली आणला की आत राहिलेलं पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि बाहेर पडतं. ते आत राहिलं तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी त्याचा बर्फ होऊ शकतो, शिवाय गॅस आणि तेलाशी मिळून आम्ल तयार होतं, जे पार्ट आतून खातं.

गंमत म्हणजे इंटरनेटवर बघून मी म्हटलं, ‘काका, काटा २९.९ इंचांवर जायला हवा ना?’ ते हसले. ‘तो मुंबईत जाईल, समुद्राकाठी. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे. इथे २८च्या आसपासच थांबणार.’ भूगोल असा गॅरेजात भेटतो!

पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का ते पाहिलं. हलला नाही. पण तेवढ्यावर काकांचा विश्वास नव्हता. व्हॅक्युममध्ये बाहेरची हवा जेमतेम १४ पीएसआयने आत ढकलते, तर गाडी चालू असताना लाल बाजूला २०० पीएसआयच्या वरही दाब जातो. म्हणून त्यांनी पंप लावण्याच्या आधीच नायट्रोजन भरून, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते तपासलं होतं.

शेवटी गॅस. बोनेटखाली एक स्टिकर असतं, त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन लिहिलेलं असतं. आमच्या गाडीचं होतं आर-१३४ए, ३५० ग्रॅम. बाजारातला कॅन ४५० ग्रॅमचा. अख्खा रिकामा केला असता तर १०० ग्रॅम जास्त! गॅस जास्त झाला की थंडावा कमी होतो, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. काकांनी कॅन चक्क डिजिटल वजनकाट्यावर ठेवला. बंद इंजिनात व्हॅक्युमने ओढला तेवढा गॅस आत गेला, उरलेला इंजिन आणि एसी चालू करून फक्त निळ्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूने, कॅन उभा धरून. इंजिन चालू असताना लाल बाजूचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही. दाब उलटा कॅनमध्ये शिरला तर कॅन फुटू शकतो. हा द्रव उणे २६ अंशांना उकळतो, अंगावर उडाला तर चटका बसतो तो थंडीचा. त्यामुळे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करायचा विचार असेल, तर प्लीज नको.

जाळीत थर्मामीटर धरला, आकडा ८ अंश. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

घरी येऊन मी एक हिशेब केला आणि जरा शांतच झाले. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या १३०० पटींहून जास्त जोरदार आहे. म्हणजे एकदा भरलेला ३५० ग्रॅम गॅस गळाला, की जवळपास अर्धा टन कार्बन सोडल्यासारखं झालं. आम्ही तो दोनदा घालवला. अशा गॅसचा वापर कमी करण्यासाठी २०१६मध्ये किगाली करार झाला, भारताने २०२१मध्ये त्याला मंजुरी दिली. करार मोठ्या लोकांचे असतील, पण आमच्या भोकाचा डाग बघायला कुणी वाकलं असतं, तर त्यातलं थोडं काम तिथेच झालं असतं.

गॅरेजात हे पाच प्रश्न विचारा

• लीकेज कुठे आहे, मला दाखवाल का?
• उरलेला गॅस हवेत सोडणार की मशीनने काढून घेणार?
• ड्रायर आणि ओ रिंग नव्या टाकणार ना?
• व्हॅक्युम किती वेळ लावणार?
• गॅस अंदाजाने भरणार की वजनावर?

प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला, तर गाडी वळवा. काका चिडले नाहीत, उलट स्टूल सरकवून म्हणाले, ‘बस, बघ.’ मी तीन तास बसले. परवा आजीला पुन्हा सोलापूरला नेलं. भिगवणच्या पुढे तिने पदर अंगाभोवती ओढून घेतला आणि म्हणाली, ‘अगं, जरा कमी कर ते, गारठले मी.’