गोपनीय शर्यती आणि एक भांडखोर दुकानदार

खोपोलीला मामाकडे गेलो, की मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला आम्ही पोरं बोरघाटाच्या पायथ्याशी पाण्याचे तांबे घेऊन उभे राहायचो. आधी पोलिसांची मोटारसायकल, मग एकदम तीस-चाळीस जणांचा घोळका, साखळ्यांची किरकिर, कुणाचा तरी खोकला, आणि दोन मिनिटांत रस्ता मोकळा. घाटाचा राजा कोण झाला ते दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचं. शर्यत म्हणजे हा घोळका, एवढीच माझी अक्कल. इंग्लंड म्हणजे रॅले, हर्क्युलस, बीएसएचा देश. त्या देशात अशा घोळक्याला पन्नासहून जास्त वर्षं बंदी होती, हे पुढे वाचलं तेव्हा विश्वासच बसेना. बंदी सरकारची नव्हे, सायकलवाल्यांच्याच संघटनेची.

बर्मिंगहॅमला राहणाऱ्या पुतण्यानं तिथल्या जुन्या बाजारातून एक कागद आणून दिला आणि हे वेड पुन्हा उसळलं. चार घड्या पडलेला, कडांना तपकिरी झालेला हा कागद म्हणजे एका शर्यतीची नामावली. डावीकडे नाव, उजवीकडे सुटण्याची वेळ, दोन नावांत बरोबर एका मिनिटाचं अंतर. शर्यत कुठे, याच्या उत्तरादाखल फक्त एक अक्षर आणि एक आकडा. माथ्यावर ठळक छापलंय, ‘खाजगी व गोपनीय’. सायकल चालवायला निघालेत की बँक लुटायला?

या गुप्ततेच्या मुळाशी एक बुजलेला घोडा आहे. नॅशनल सायकलिस्ट्स युनियन ही तिथली मुख्य संघटना. रस्त्यावरच्या शर्यतींनी पोलीस आणि घोडागाडीवाले चिडतील, मग सरकार सायकललाच रस्त्यावरून हाकलेल, या धास्तीनं तिनं 1888 पासूनच अशा शर्यतींवरून हात काढून घ्यायला सुरुवात केली होती. 1894 मध्ये नॉर्थ रोड क्लबच्या 50 मैलांच्या शर्यतीत एका बाईंच्या गाडीचा घोडा बुजला, स्वार एकमेकांवर कोसळले, बाईंनी तक्रार केली. त्या स्वारांत होते फ्रेडरिक बिडलेक. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1895 मध्ये, त्यांनी तोड काढली. एकेकाला सोडायचं, घड्याळाशी झुंजायला लावायचं. बघणाऱ्याला वाटावं, माणूस कामावर निघालाय. पहाटे, आडबाजूला, मानेपासून घोट्यापर्यंत काळे कपडे, पाठीवर नंबर नाही. बातमी आधी छापायची नाही. 1922 मध्ये या शर्यतींसाठी निराळी समिती झाली, 1937 मध्ये तिची रोड टाइम ट्रायल्स कौन्सिल झाली. ट्रॅक युनियनकडे, घड्याळ कौन्सिलकडे आणि रस्त्यावरचा घोळका कुणाकडेच नाही, अशी वाटणी ठरली.

लपवलेल्या खेळाला प्रेक्षक नसतो, आणि प्रेक्षक नसेल तर पैसा तरी कुठून येणार? प्रवेश फी, क्लबची वर्गणी, हौशी चिटणिसाचा फुकटचा वेळ, यावर गाडा चालायचा. कंपनीचं नाव मिरवलं की हौशीपणा बाटला. पलीकडे 1903 ची पहिली टूर द फ्रान्स ‘लोतो’ या वृत्तपत्रानं खप वाढवायलाच काढली होती. तिथे शर्यत हीच जाहिरात होती. इंग्रजांना हे बाजारू वाटे. त्यांचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. कारकून आणि गिरणी कामगार स्वतःच्या खिशातून खेळत होते, कुणाचे मिंधे नव्हते. पण हा साधेपणा हवा का, असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तो त्यांच्यावर लादलेला होता.

हे ज्याच्या डोक्यात गेलं तो पर्सी स्टॅलर्ड. जन्म 1909, वूल्व्हरहॅम्प्टनचा सायकल दुकानदार. 1933 आणि 1934 च्या जागतिक स्पर्धांत त्यानं युरोपातली घोळक्याची शर्यत अनुभवली होती. मायदेशी तशी शर्यत करायची तर मोटारींचा ट्रॅक गाठा, नाहीतर आइल ऑफ मॅन बेटावर जा. डिसेंबर 1941 मध्ये त्यानं युनियनच्या ए. पी. चेंबरलिन यांना पत्र धाडलं. सूर असा, की अख्ख्या युरोपात आपणच मागे का? रस्ते बंद करावे लागतात, हा गैरसमज आहे. युद्धामुळे रस्ते तर ओस पडलेत, याहून चांगला मुहूर्त कुठला? युनियन हलली नाही. मग या गृहस्थानं जे केलं ते इतकं साधं होतं, की आधी कुणाला सुचलं कसं नाही याचंच नवल. तो सरळ पोलिसांकडे गेला. पोलिसांची काही हरकत नव्हती! बंदीला आधार कायद्याचा नव्हताच, होती ती भीती.

7 जून 1942. लँगॉलेन ते वूल्व्हरहॅम्प्टन, 59 मैल. पैशाची सोय स्थानिक वृत्तपत्रानं, ‘एक्स्प्रेस अँड स्टार’नं पाहिली, उत्पन्न सैनिकांसाठीच्या निधीला. आमंत्रण 40 जणांना, सुटले 34, पोचले 15. वेस्ट पार्कच्या दाराशी हजारावर माणूस, गर्दी आवरायला पोलीस, आणि वूल्व्हरहॅम्प्टनचाच आल्बर्ट प्राइस पहिला. ना घोडा बुजला, ना कुणाचं हाड मोडलं. युनियननं स्टॅलर्डला बेमुदत बाहेर काढलं, भाग घेणाऱ्यांवरही बडगा उगारला.

त्याच नोव्हेंबरात बक्स्टनला ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायकलिस्ट्स जन्मली. आता एका देशात तीन दुकानं झाली. युनियन विरुद्ध लीग ही भाऊबंदकी तब्बल 17 वर्षं चालली. क्लब फुटले, लीगवाल्याशी रस्त्यात बोलायचं नाही इथवर मजल गेली. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लेखी मान्यता फक्त युनियनला. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकची रस्त्यावरची शर्यतही सार्वजनिक रस्त्यावर नाही, राजघराण्याच्या विंडसर ग्रेट पार्कात झाली.

पैसा मात्र लीगकडे वळला, कारण तिच्याकडे प्रेक्षक होते. 1951 ची टूर ऑफ ब्रिटन ‘डेली एक्स्प्रेस’च्या पैशावर झाली. ती जिंकणाऱ्या इयन स्टीलनं पुढच्या वर्षी वॉर्सा-बर्लिन-प्राग ही पीस रेस मारली, जिची यजमान कम्युनिस्ट पक्षांची वृत्तपत्रं होती. भांडवलदाराचा पेपर असो की पक्षाचा, शर्यतीला पेपर लागतोच. संघटनांच्या भांडणांना विटून एक्स्प्रेसनं पुढे अंग काढून घेतलं. 1955 मध्ये हर्क्युलसच्या जोरावर ब्रिटिश संघ टूर द फ्रान्सला गेला. दहातले दोघेच पॅरिसला पोचले. ब्रायन रॉबिन्सन 29 वा आणि टोनी होर शेवटचा, 69 वा. वर्षअखेर कंपनीनं संघ मोडला. मग धावून आलं दूध. 1958 पासून मिल्क मार्केटिंग बोर्डाच्या पैशावर ‘मिल्क रेस’ सुरू झाली, ती 1993 पर्यंत चालली. त्यातली 1960 पासूनची पंचवीस वर्षं तर ती निव्वळ हौशींसाठी होती. म्हणजे जो हौशीपणा पैशानं बाटतो म्हणून इतका जपला, तो शेवटी दूधवाल्यांनीच पोसला.

1959 मध्ये युनियन आणि लीग एकत्र येऊन ब्रिटिश सायकलिंग फेडरेशन झाली. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सरकारी नियमही पाठोपाठ आले. जिंकला कोण? माझ्या मते स्टॅलर्ड. त्याच्या मते त्याला विकलं होतं. विलीनीकरण हा त्याला उघड विश्वासघात वाटला, तो नव्या संस्थेत गेला नाही. तसं लीगशीही त्याचं आधीच बिनसलं होतं, तिनंही त्याच्यावर कारवाई केली होती. असली माणसं संस्था काढायला उत्तम, सभासद म्हणून अशक्य. म्हातारपणी त्यानं वयस्क स्वारांच्या शर्यतींसाठी आणखी एक लीग काढली. 2001 मध्ये 92 व्या वर्षी तो गेला.

घड्याळवाली कौन्सिल मात्र त्या विलीनीकरणात गेलीच नाही. नाव बदलून ती अजून वेगळी नांदते आहे. पुतण्यानं परवा रविवारी पहाटे तिची एक शर्यत पाहिली. काळे कपडे गेलेत, सगळे भडक रंगात, पाठीवर नंबर. कोर्स कुठून कुठे आहे, असं त्यानं झेंडी धरून उभ्या असलेल्या आजोबांना विचारलं. आजोबांनी एक अक्षर आणि एक आकडा सांगितला.